दोन मेळाव्यांच्या मधले आठवडे

एप्रिलमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर मांडव पडतो. पताका, रांगोळ्या, गावातून लेझमीची फेरी. जूनमध्ये पहिलीत बसणारी मुलं आईचं बोट धरून येतात आणि एकामागून एक सात टेबलांवरून पुढे सरकतात: नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक आणि भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. प्रत्येकाच्या हाती एक विकासपत्र. ‘पहिले पाऊल’ या नावाने 2022 पासून महाराष्ट्रात हे शाळापूर्व तयारी अभियान चाललं आहे. जूनमध्ये शाळा उघडताना दुसरा मेळावा भरतो, तेच मूल त्याच टेबलांवरून पुन्हा जातं आणि मधल्या काळात किती फरक पडला ते पत्रावर नोंदवलं जातं.

अभियानाची मांडणी चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. पहिलीत येणाऱ्या मुलाकडे शाळेने जूनच्या आधी पाहावं, आईला सोबत घ्यावं, घरातल्या वस्तूंनी शिकवता येतं हे दाखवावं, यात वाद घालण्यासारखं काही नाही. आमची तक्रार वेगळी आहे. मेळावा हे मोजमाप आहे, आणि खरं काम दोन मेळाव्यांच्या मधल्या आठ-दहा आठवड्यांत वस्तीवरच्या माता गटात, म्हणजे शेजारपाजारच्या आयांच्या छोट्या गटात, व्हायचं असतं. माणसं, वेळ आणि लक्ष मात्र मांडवात खर्च होतं. मधले आठवडे गट चालवणाऱ्या लीडर मातेच्या आणि अंगणवाडी सेविकेच्या पदरात टाकून यंत्रणा मोकळी होते. विचारणा होते ती मेळावा झाला का, फोटो टाकले का याची. वरच्या आळीतला गट तिसऱ्या आठवड्यात का बसला नाही, हे क्वचितच कुणी विचारतं.

आधी मेळाव्यातल्या टेबलांजवळ जरा थांबू. गणनपूर्व तयारीच्या टेबलावर बाटल्यांची झाकणं ठेवलेली असतात. “मोज बरं,” म्हटल्यावर पाच वर्षांचं पोर एका दमात वीसपर्यंत म्हणून दाखवतं. आईचा चेहरा खुलतो, शिक्षक पत्रावर बरोबरची खूण करतात. पण सात झाकणं पुढे ठेवून बोट लावून मोजायला सांगितलं तर तेच मूल एका झाकणावर दोन आकडे म्हणतं, एखादं झाकण सोडून देतं, पहिल्या झाकणावर परत येतं आणि शेवटी “अकरा” म्हणतं. म्हणजे त्याला आकड्यांचं गाणं येतं, मोजणं अजून यायचंय. एका वस्तूला एकच आकडा, आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण किती, या दोन गोष्टी ज्या मुलाला कळलेल्या नाहीत त्याला पुढे बेरीज पाठ करावी लागते. हा फरक ओळखायला एका मुलामागे तीन-चार मिनिटं लागतात. मागे तीस जणांची रांग आणि कानाशी स्पीकर असताना ती मिळत नाहीत.

भाषेच्या टेबलावर याच्या उलटं होतं. चित्र पुढे धरून “सांग बाळा, काय दिसतंय?” असं अनोळखी बाईंनी विचारलं की घरी दिवसभर टकळी चालवणारं मूल आईच्या पदरात तोंड लपवतं. पत्रावर ‘मदतीची गरज’ अशी खूण होते. जूनपर्यंत ते थोडं धीट झालं की तीच खूण वर सरकते, आणि आपण समजतो की दोन महिन्यांत त्याची भाषा सुधारली. सुधारली ती बहुधा ओळख. म्हणून पहिल्या मेळाव्यात मुलाला आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यात, मातीत, ठोकळ्यांत मोकळं खेळू द्यावं, आणि भाषेचं टेबल मांडवापासून लांब, शक्य तर वर्गाच्या आत, सगळ्यात शेवटी ठेवावं. याला एक रुपयाही जास्त लागत नाही.

आता मधल्या आठवड्यांकडे. एका गटात पाच-सहा आया, त्यातली एक लीडर माता. आठवड्याला एक आयडिया कार्ड, म्हणजे घरी करायच्या कृतीचं कार्ड, आणि फोनवर येणारा त्याचा व्हिडिओ. अपेक्षा एवढीच की आयांनी आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास एकत्र बसावं, कार्डावरची कृती मुलांबरोबर करून पाहावी आणि आठवडाभर घरी रोज दहा-पंधरा मिनिटं तीच करत राहावी. त्यासाठी सामान विकत आणायचं नसतं. चिंचोके, शेंगा, झाकणं, सुतळी, जुनं वर्तमानपत्र, परात आणि पाणी एवढ्यावर भागतं.

रात्रीच्या जेवणाला ताटं मांडायचं काम मुलाला दिलं, की घरातल्या माणसांइतकी ताटं, ताटांइतक्या वाट्या, आणि आजी गावाला गेली असेल तर एक कमी. एकास एक संगतीचा यापेक्षा चांगला पाठ कुठल्याही पुस्तकात नाही, आणि तो दिवसातून दोनदा आपोआप येतो. डाळीतले खडे, मेथीची पानं, भुईमुगाच्या शेंगा निवडणं-सोलणं म्हणजे वर्गीकरणही झालं आणि बोटांचा व्यायामही झाला. पेन्सिल नीट धरता येण्यासाठी अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्या चिमटीत जोर यावा लागतो. तो लसूण सोलून, कणकेच्या गोळ्या वळून, ओलं फडकं पिळून, मणी ओवून येतो. तो जोर यायच्या आधी चार रेघी वहीत ‘अ’ गिरवायला बसवलं की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, मनगट उचलून सगळा हात हलवतं, दहा मिनिटांत दमतं आणि लिहिण्याचा कंटाळा घेऊन उठतं. ती मुठीतली पकड एकदा बसली की पुढे मोडायला फार वेळ जातो.

भाषेचंही तसंच. वाचायला शिकण्याआधी मुलाला बोललेला शब्द कानाने तोडता आला पाहिजे. ‘कमळ’ला तीन टाळ्या, ‘आई’ला दोन. ‘पाटी’ आणि ‘पाणी’ यांच्या सुरुवातीला एकच आवाज आहे, हे कळलं पाहिजे. आपल्या लिपीत अक्षर म्हणजे साधारण एक टाळी, त्यामुळे टाळीचा खेळ मराठी मुलाला सरळ वाचनाच्या दारापर्यंत आणून सोडतो. भेंड्या खेळणाऱ्या घरांत हे नकळत होतं: शब्दाचं शेवटचं अक्षर पकडायचं आणि त्यावरून नवा शब्द शोधायचा. अक्षरं लिहिता न येणारी आईसुद्धा हा खेळ उत्तम घेते. “मला वाचता येत नाही, मी काय शिकवणार?” असं म्हणणाऱ्या आईच्या हाती पहिल्या आठवड्यात हेच द्यावं, छापील कार्ड नंतर.

आणि काही गोष्टी विकासपत्रावर ठळक दिसत नाहीत, पण जूनमध्ये मूल रडणार की रमणार हे त्याच ठरवतात. चड्डीचं बटण आपलं आपण लावणं. डब्याचं झाकण उघडणं. शी-शू आली हे बाईंना कळेल अशा शब्दांत सांगणं. शाळेच्या अंधाऱ्या संडासाची भीती घालवायला आईने मे महिन्यातच एकदा त्याला तिथे नेऊन आणावं. अर्ध्या तासाचं काम आहे.

हे सगळं इतकं सोपं असेल तर मधले आठवडे फसतात कुठे? बहुतेक वेळा वेळापत्रकात. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, कोकणात आंबा-काजू, देशावर शेतीची मशागत. गटाची वेळ दुपारी ठेवली की रोजगाराला गेलेल्या आया येत नाहीत. येतात त्या घरी असणाऱ्या, म्हणजे ज्यांच्या मुलांना त्यातल्या त्यात कमी गरज आहे. गट संध्याकाळी सात-साडेसातला, कुणाच्या तरी ओट्यावर, स्वयंपाकाच्या आधी किंवा जेवणं उरकल्यावर बसला तरच टिकतो. दुसरी अडचण फोनची. व्हिडिओ आईच्या नावावर पाठवला तरी फोन बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो, आणि तो रात्री उशिरा घरी येतो. म्हणून व्हिडिओवर विसंबू नये. सेविकेने किंवा लीडर मातेने कृती एकदा समोर करून दाखवली पाहिजे. या निमित्ताने बापाला ओट्यावर बसवता आलं तर फारच उत्तम. गटाचं नाव ‘माता गट’ आहे म्हणून त्याने लांब राहण्याचं काही कारण नाही.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. ज्या मुलांना या आठवड्यांची सर्वाधिक गरज आहे ती गावातच नसतात. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात, मेळावा आधी झाला तर हुकतात. ठाणे, पालघर, रायगडकडची वीटभट्टीवरची कातकरी कुटुंबं तर पाऊस तोंडावर आल्यावर घरी येतात, म्हणजे पहिला मेळावाही गेला आणि सगळे आठवडेही गेले. यांच्यासाठी जूनचा मेळावा हाच पहिला असतो, आणि त्यांच्या विकासपत्रावर एकच रकाना भरलेला असतो. अशा मुलांची यादी सेविकेकडे असते. त्यांचे आठ आठवडे जून, जुलै, ऑगस्टमध्ये, शाळा सुरू असताना द्यायला काय हरकत आहे? नियोजनात तशी सोय नाही, एवढंच उत्तर आहे, आणि ते बदलता येण्यासारखं आहे.

उन्हाळ्याच्या कार्यक्रमावर सगळी भिस्त ठेवल्याचा परिणाम काय होतो, याचा धडा अमेरिकेने साठ वर्षांपूर्वी घेतला. 1965च्या उन्हाळ्यात तिथे ‘हेड स्टार्ट’ सुरू झालं: गरीब घरातल्या मुलांसाठी शाळेआधी आठ आठवडे. पहिल्याच उन्हाळ्यात पाच लाखांहून अधिक मुलं आली आणि देशभर कौतुक झालं. 1969च्या मोठ्या मूल्यमापनात दिसलं, की फक्त उन्हाळी वर्गाला गेलेल्या मुलांवर टिकाऊ असा परिणाम दिसत नाही. त्यानंतरच्या वर्षांत उन्हाळी वर्ग कमी होत गेले आणि वर्षभराच्या वर्गांना पैसा मिळू लागला. बालशिक्षणावर खर्चलेला पैसा समाजाला कित्येक पटींनी परत मिळतो, असं सांगताना ज्या पेरी प्रीस्कूलचा दाखला सगळे देतात, ते 1962मध्ये मिशिगन राज्यात सुरू झालं. तिथे रोज अडीच तासांचा वर्ग होता, आणि त्याशिवाय शिक्षिका दर आठवड्याला दीड तास मुलाच्या घरी आईसोबत बसत असे. दाखला देताना ही घरभेट हमखास गाळली जाते.

आपल्याकडे तर हे नवंही नाही. 1945मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे कोसबाडला गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. मूल जिथे आणि ज्या वेळी सापडेल तिथे त्या वेळी शाळा, ही त्यांची पद्धत होती. 2 ऑक्टोबर 1975ला एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली, पण ती प्रामुख्याने आहार, वजन आणि लसीकरणाची जागा म्हणून. शिक्षण तिच्या सेवांच्या यादीत पहिल्यापासून आहे, दिवसाच्या वेळापत्रकात मात्र ते शेवटी उरलेल्या वेळात येतं.

आणि उरतं किती? महाराष्ट्रात अंगणवाड्या एक लाखाहून अधिक आहेत. नेहमीच्या अंगणवाडीत एक सेविका, एक मदतनीस. सकाळचा आहार, वजन-उंची, घरपोच आहाराचं वाटप, गरोदर मातांच्या भेटी, पोषण ट्रॅकर या ॲपवरच्या नोंदी, लसीकरणाचा दिवस, कुणाकडे मतदार यादीचंही काम. त्यात तीन ते सहा वयाच्या वीस-पंचवीस मुलांना दोन तास खेळवत शिकवायचं. सेविका कामचुकार आहेत म्हणून शिक्षण मागे पडतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तामिळनाडूतला प्रयोग पाहावा. तिथे 640 केंद्रांपैकी 320 केंद्रांत फक्त शाळापूर्व शिक्षणासाठी अर्धवेळ एक जास्तीची कार्यकर्ती नेमली. बाकी काहीही बदललं नाही. शिकवण्याचा वेळ दुपटीच्या आसपास गेला, दीड वर्षानंतर मुलांचं गणित आणि भाषा दोन्ही सुधारलेलं दिसलं, आणि आधीच्या सेविकेला आहार-आरोग्याकडे बघायला सवड मिळाल्यामुळे कुपोषणही कमी झालं. म्हणजे दोन कामं एका माणसावर लादल्याने दोन्ही बिघडत होती.

या जागी एक आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. माता गट म्हणजे सरकारचं काम फुकटात बायकांच्या अंगावर ढकलणं नव्हे का? दिवसभर खुरपून आलेल्या बाईला आणखी एक जबाबदारी, आणि मूल मागे पडलं तर दोषही तिचाच. हा धोका खरा आहे. गट अंगणवाडीच्या दुसऱ्या कार्यकर्तीच्या बदली वापरला तर आक्षेप शंभर टक्के बरोबर. म्हणूनच आमचा आग्रह दोन्हींचा आहे. अर्धवेळ शिक्षणसेविका प्रत्येक अंगणवाडीत हवी, आणि माता गट चालवणं हा तिच्या कामाचा आठवड्यातून दोन संध्याकाळचा, मोबदल्यासह लिहून दिलेला भाग हवा. लीडर मातेलाही काहीतरी मानधन हवं. ‘सेवाभाव’ हा शब्द आपण बायकांच्या कामालाच का लावतो, हे एकदा स्वतःला विचारून पाहावं.

कायद्याची बाजू इथे लंगडी आहे. शिक्षणाचा मूलभूत हक्क 6 वर्षांपासून सुरू होतो. त्याआधीच्या मुलांसाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद 45मध्ये राज्याने ‘प्रयत्न करावा’ असं आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 11मध्ये सरकार शाळापूर्व शिक्षणाची सोय ‘करू शकेल’ एवढंच आहे. 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, तेव्हा त्या याच कलमाखालचं शाळापूर्व शिक्षणाचं काम करतात ही बाब विचारात घेतली. न्यायालयाने त्यांचं काम शिक्षणाचं मानलं. नेमणूक, प्रशिक्षण आणि पगार मात्र अजून त्या मापाचे नाहीत. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत स्तर धरला. राज्यात त्यातली पहिली तीन वर्षं महिला व बालविकास विभागाकडे आणि पुढची शालेय शिक्षण विभागाकडे. मुलाची तीन वर्षांची माहिती अंगणवाडीच्या ॲपमध्ये राहते आणि पहिलीच्या बाई जून महिन्यात कोऱ्या वहीपासून सुरुवात करतात.

शाळेच्या तयारीबद्दल आपण बोलतच नाही. मुलाला शाळेसाठी तयार करायचं हे सगळ्यांना पटतं. पहिलीचा वर्ग मुलासाठी तयार आहे का, हे कुणी तपासत नाही. राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी 31 डिसेंबरपर्यंत 6 वर्षं पूर्ण होणारं मूल चालतं. म्हणजे जूनमध्ये एकाच बाकावर साडेपाच वर्षांची मुलगी आणि साडेसहाकडे झुकलेला मुलगा शेजारी बसतात. त्या वयात एक वर्ष म्हणजे जवळपास सहावा हिस्सा आयुष्य. डिसेंबरात जन्मलेली मुलगी मागे नसते, लहान असते. विकासपत्रावर मुलाच्या नावाखाली जन्ममहिना ठळक लिहिला आणि खुणा वाचताना तो आधी पाहिला, तर ‘मदतीची गरज’ असलेली बरीच मुलं फक्त वयाने धाकटी निघतील.

विद्या प्रवेश नावाचा बारा आठवड्यांचा खेळाधारित कार्यक्रम पहिलीच्या सुरुवातीसाठी तयार आहे. तो नीट राबवला तर एप्रिल-मेमध्ये सुटलेल्या मुलांना दुसरी संधी मिळते. पण द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एका खोलीत एकाच शिक्षकाकडे असते. दुसरीची मुलं पाठ वाचत असताना पहिलीला खेळवायचं तर गोंगाट होतो, आणि पालकही “अजून वहीत काहीच लिहिलं नाही” म्हणून दारात उभे राहतात. मग तिसऱ्या आठवड्यात पाठ्यपुस्तक उघडतं. शिक्षकाला दोष देण्याआधी त्याला दिवसाचा एक तास मोकळा करून दिला पाहिजे. तेवढ्या वेळापुरती अंगणवाडीची शिक्षणसेविका पहिलीच्या वर्गात आली तर मुलांना निदान एक ओळखीचा चेहरा मिळेल. अनेक अंगणवाड्या शाळेच्याच आवारात आहेत. तिथे हे येत्या जूनपासून करता येईल.

घरात कोरकू, गोंडी, भिली, पावरी किंवा वारली बोलणाऱ्या मुलासाठी तो ओळखीचा चेहरा आणखी मोलाचा आहे. मेळघाटातलं कोरकू मूल भाषेच्या टेबलावर गप्प बसतं, कारण त्याला प्रश्नच कळलेला नसतो. तिथे सेविका बहुधा त्याची भाषा जाणते, शिक्षक बहुधा नाही. म्हणून त्या टेबलावर सेविकेनेच बसावं, प्रश्न मुलाच्या बोलीत विचारावा आणि उत्तर त्या बोलीत आलं तरी पूर्ण खूण द्यावी. शिक्षकाने शेजारी बसून रोजच्या वापरातले पन्नास-साठ शब्द लिहून घ्यावेत: पाणी, भूक, दुखतंय, घरी जायचंय, ये, बस, पुन्हा सांग. पहिले दोन आठवडे त्या शब्दांवर निभतात.

येत्या जूनच्या मेळाव्यात विकासपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सेविकेने मुलाविषयी चार ओळी लिहाव्यात आणि ते पत्र पहिलीच्या बाईंच्या हातात द्यावं. घरात कुठली भाषा, मूल कशाने रडतं आणि कशाने गप्प होतं, गटात किती आठवडे आलं, आणि कुटुंब पुन्हा स्थलांतराला कधी जाणार. ही शेवटची ओळ सर्वांत आधी वाचावी, कारण दसरा-दिवाळीनंतर ते मूल वर्गात नसेल.